कीबोर्ड हलेना म्हणून फॉरमॅट मारू नका

वारजेकरांनो, सोसायटीच्या ऑफिसात, दुकानाच्या काउंटरवर किंवा घरी डेस्कटॉप वापरणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. कॉम्प्युटर सुरू होतो, स्क्रीनवर चित्र येतं, पण कीबोर्ड आणि माउस दाद देत नाहीत, अशी वेळ आली तर ‘फॉरमॅट मारून द्या’ असं कुणालाही सांगू नका. फॉरमॅट मारला की मेंटेनन्सचे हिशेब, सभासदांची यादी, नातवंडांचे फोटो जातात. दोष मात्र बहुतेकदा वायर, पोर्ट किंवा एखाद्या सेटिंगमध्ये असतो.

आधी एवढंच शोधायचं, की कीबोर्ड नेमका कोणत्या टप्प्यावर बंद पडतो. कॉम्प्युटर चालू केल्याबरोबर डिलीट किंवा एफ-२ चं बटण पुन्हा पुन्हा दाबा. कोणतं बटण चालतं, ते कंपनीनुसार बदलतं आणि बहुधा पहिल्याच स्क्रीनवर लिहिलेलं असतं. बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंग्जचा, पडदा उघडला आणि बाणांच्या बटणांनी खाली-वर जाता आलं, तर कीबोर्ड आणि पोर्ट दोन्ही ठीक आहेत. बिघाड विंडोजमध्ये आहे. नुसतं पाहून बाहेर पडा, काही बदलू नका. बायोस उघडलाच नाही, तर वायर-पोर्टपासून तपासायला लागा.

कॉम्प्युटर बंद करून सगळ्या पिना काढा. प्रिंटर, वेबकॅम, पेनड्राइव्ह बाजूला ठेवा. एखादं बिघडलेलं उपकरणही बाकीच्यांना अडवतं. आता फक्त कीबोर्ड आणि माउस सीपीयूच्या मागच्या बाजूला थेट लावा, मध्ये हब नको. पुढचे पोर्ट आतल्या वेगळ्या वायरीने जोडलेले असतात आणि ती सैल होते. निळ्या पोर्टऐवजी काळा वापरून पाहा. वायरलेस असेल तर सेल बदला आणि डोंगल निळ्या पोर्टपासून लांब लावा, कारण यूएसबी ३ च्या उपकरणांमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये अडथळा येऊ शकतो. शेजाऱ्यांचा साधा वायरवाला कीबोर्ड लावून पाहिला, तर पाच मिनिटांत बराच उलगडा होतो.

जुन्या मशीनला गोल पिना असतात, जांभळी कीबोर्डची आणि हिरवी माउसची. त्या चालू कॉम्प्युटरला लावू नका. बंद करा, लावा, मग सुरू करा.

एवढं करूनही चालेना, तर भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा, सीपीयूचं पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा आणि पुन्हा सुरू करा. दरवेळी तारीख मागे जात असेल, तर आतला सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल संपला असण्याची शक्यता आहे. तो संपला की यूएसबीची सेटिंग्जही मूळ पदावर जाऊ शकतात. सेल बदलणं हे स्वस्तातलं काम आहे.

बिघाड विंडोजमध्ये असेल आणि माउस चालत असेल, तर ‘शट डाउन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’ करा. २०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन पूर्ण होत नाही. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. पासवर्ड टाकायचा असेल, तर लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली ऑन-स्क्रीन कीबोर्ड मिळतो. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबलं गेलं की फिल्टर कीज चालू करण्याची सूचना येते. त्या चालू झाल्या तर झटपट दाबलेली बटणं लागत नाहीत आणि चांगला कीबोर्ड बिघडल्यासारखा वाटतो.

कधी कधी चूक तुमच्या घरात नसतेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज ११ चं अपडेट आलं आणि रिकव्हरीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड-माउस चालेनासे झाले. नेहमीच्या विंडोजमध्ये मात्र ते व्यवस्थित चालत होते. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला दुरुस्ती दिली. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही त्याच १४ तारखेला संपला. म्हणून ‘आता नवं मशीनच घ्या’ असं कुणी सांगितलं, तर आधी वरच्या तपासण्या झाल्यात का ते विचारा.

इंटरनेटवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’च्या नंबरवर फोन करून ओटीपी देऊ नका, मोबाइलवर कुणाच्या सांगण्यावरून ॲप टाकू नका. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर कळवा. कॉम्प्युटरवाल्याला बोलवाल तेव्हा काय काय करून पाहिलं ते सांगा आणि फाइलींची कॉपी झाल्याशिवाय हार्ड डिस्कला हात लावू देऊ नका.

मशीन नीट चालतंय तोवर तीन कामं उरका. महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आहे का ते पाहून कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये बदल केल्यावर ती मागितली जाऊ शकते. आणि एक वायरवाला कीबोर्ड कपाटात असू द्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ही तिन्ही कामं पुढच्या मासिक सभेआधीच करून टाकावीत.