फॉर्म कोरा होतो, आणि दोष बाईवर येतो

पोस्ट थोडी लांब आहे. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी वाचावीच, पण त्याहून जास्त अ‍ॅप बनवून घेणाऱ्यांनी आणि त्याची बिलं मंजूर करणाऱ्यांनी वाचावी.

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी फोन घेऊन घरी आल्या. बचत गटात आहेत. एका संस्थेच्या पाणी सर्वेक्षणाचं काम त्यांना मिळालंय. घरोघर जायचं, अ‍ॅपमध्ये ३५ प्रश्न भरायचे, शेवटी नळाचा फोटो काढायचा आणि पाठवायचं. पैसे फॉर्ममागे.

"भाऊजी, फोटो काढून परत आलं की सगळा फॉर्म कोरा होतो. साहेब म्हणतात, तुम्हालाच मोबाईल जमत नाही."

त्या दिवशी त्यांनी नऊ घरं केली होती. चार फॉर्म गेले. म्हणजे उन्हात फिरल्या नऊ घरं, पैसे पाच घरांचे. वर बोलणं खाल्लं ते वेगळंच.

खरं सांगतो, आधी मलाही वाटलं की कुठलं तरी चुकीचं बटण दाबलं जात असेल. तेच अ‍ॅप माझ्या फोनवर टाकलं. दहा वेळा फॉर्म भरला, दहा वेळा फोटो काढला. काही झालं नाही. मग त्यांच्याच फोनवर स्वतः भरून पाहिलं. तिसऱ्या वेळेला फॉर्म कोरा! माझा फोन ८ जीबी रॅमचा, त्यांचा २ जीबीचा. फरक तिथं होता, बोटांत नव्हता.

ते अ‍ॅप बनवणारा पोरगा आमच्याच गावचा. बोलावलं, चहा पाजला. पोरगा प्रामाणिक आहे. म्हणाला, "सर, पंधरा दिवस दिले होते. बहुतेक कोड एआयकडून लिहून घेतला. डेमोला सगळं चाललं, म्हणून दिलं." लॅपटॉप उघडून त्यानं कोड दाखवला. मी प्रोग्रामर नाही, डिप्लोमा पत्रकारितेचा आहे. पण तासभर बसून जे समजलं ते सांगतो.

फॉर्म भरताना तुम्ही जे टाइप करता, त्याला हे लोक त्या स्क्रीनची 'स्टेट' म्हणतात. ती आधी फक्त चालू मेमरीत असते. आणि अँड्रॉइडमध्ये प्रत्येक स्क्रीनला जन्म-मरण असतं, त्याला 'लाइफसायकल' म्हणतात. स्क्रीन तयार होते, समोर येते, मागे जाते आणि कधी कधी मारली जाते. मारते कोण? फोनची सिस्टीम. कॅमेरा उघडला की त्याला भरपूर मेमरी लागते. फोन लहान असेल तर सिस्टीम मागे गेलेलं अ‍ॅप बंद करून जागा करते.

एसटी स्टँडजवळच्या खानावळीसारखं आहे हे. टेबलं चार, गिऱ्हाइकं चाळीस. तुम्ही अर्ध्या जेवणातून फोन घ्यायला बाहेर गेलात की पोऱ्या ताट उचलतो, टेबल पुसतो, दुसऱ्याला बसवतो. मोठ्या हॉटेलात टेबलं रिकामी असतात, तिथं तुमचं ताट तसंच राहतं. माझा फोन म्हणजे मोठं हॉटेल.

सिस्टीमची यात चूक नाही. मारण्याआधी जपून ठेवण्याची सोय ती देते. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन आला, तेव्हापासून 'ऑन सेव्ह इन्स्टन्स स्टेट' नावाची जागा तिच्यात आहे. २०१७ मध्ये 'व्ह्यू-मॉडेल' आलं. फोन आडवा-उभा केला तरी त्यातली माहिती टिकते, पण सिस्टीमनं अख्खं अ‍ॅपच मारलं तर तीही जाते. या पोराचं अ‍ॅप 'कंपोझ' पद्धतीचं. तिथं साधं 'रिमेंबर' लिहिलं की माहिती स्क्रीन जिवंत असेपर्यंतच राहते. 'रिमेंबर सेव्हेबल' लिहिलं तर सिस्टीमनं अ‍ॅप मारलं तरी परत मिळते. एका शब्दाचा फरक! कोडमध्ये ३५ ठिकाणी साधं 'रिमेंबर' होतं.

आणि एवढ्यानंही भागत नाही. बाईनं स्वतःच अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीतून अ‍ॅप सरकवून टाकलं, किंवा बॅटरी संपली, तर जपलेली स्टेटही जाते. म्हणून एवढ्या मोठ्या फॉर्मचा मसुदा प्रत्येक उत्तरानंतर फोनमधल्या डेटाबेसमध्ये लिहिला पाहिजे. दुकानदार वही शटर पाडताना लिहीत नाही, उधारी दिली की लगेच लिहितो. तसंच.

उलट बाजूही तिथंच सापडली. फॉर्मच्या स्क्रीनवर जीपीएस सुरू केलं होतं, पण ती स्क्रीन सोडल्यावर बंद करणारी ओळच नव्हती. फॉर्म पाठवून वहिनी यादीवर आल्या तरी जीपीएस चालूच. दुपारी दोनला बॅटरी का संपते, त्याचं एक कारण हे.

आता मुद्दा. एआयला शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण त्या पोरानं माझ्यासमोरच त्याच एआयला नीट विचारलं, "कॅमेरा उघडा असताना सिस्टीमनं अ‍ॅप मारलं तरी फॉर्म भरलेला राहिला पाहिजे." काही मिनिटांत दुरुस्त कोड आला. त्यातल्या दोन चुका त्यानं हातानं काढल्या, पण आला. म्हणजे यंत्राला येत होतं. कुणी विचारलंच नव्हतं. 'वाइब कोडिंग' हा शब्द आंद्रेई कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये वापरला, तोसुद्धा शनिवार-रविवारच्या टाकाऊ प्रयोगांपुरता. ज्याच्यावर कुणाची रोजी अवलंबून आहे, ते टाकाऊ नसतं.

पोरालाही मी एकट्याला धरणार नाही. पंधरा दिवसांची मुदत कुणी दिली? वातानुकूलित खोलीत, महागड्या फोनवर डेमो बघून मान कुणी डोलावली?

म्हणून माझी मागणी साधी आहे. कुठलंही अ‍ॅप ताब्यात घेण्याआधी, बिल देण्याआधी, एवढं करा:

१. जे लोक ते वापरणार, त्यांच्याच फोनवर तपासा. २ जीबीचा फोन हवाच.
२. अर्धा फॉर्म भरून कॅमेरा उघडा, फोन घ्या, फोन आडवा करा, मग परत या. एकही उत्तर गेलं तर नापास.
३. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथं 'डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज' चालू करा. तुम्ही स्क्रीन सोडली की सिस्टीम ती लगेच मारते. पुन्हा वरचंच सगळं करून बघा. याला ना इंजिनिअर लागतो, ना पैसा.
४. अर्ध्यातून फोन बंद करून चालू करा. मसुदा तिथंच सापडला पाहिजे.
५. अ‍ॅपच्या चुकीनं फॉर्म गेला, तर त्याची मजुरी कापायची नाही. हे करारात लिहा.

पाचवा मुद्दा मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. पहिले चार तंत्राचे आहेत, पाचवा माणुसकीचा.

अ‍ॅपची नवी आवृत्ती आलीय. वहिनींचा फॉर्म आता टिकतो. गेलेल्या चार फॉर्मचे पैसे मात्र अजून आलेले नाहीत, आणि "तुम्हालाच जमत नाही" हे वाक्य अजून कुणी मागे घेतलेलं नाही. मी विचारत राहणार आहे. तुमच्या गावात असं काही झालं असेल तर फोन कुठला होता आणि फॉर्म नेमका कधी गेला, एवढं तरी खाली लिहा.