डोळ्यांत खुपणारे औदार्य

आज आश्विन अमावास्या. सायंकाळी घरोघर पाटावर लक्ष्मीची स्थापना होईल, पेढ्यांवर चोपड्यांचे पूजन होईल, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखविला जाईल आणि कोऱ्या केरसुणीलाही हळदकुंकू लागेल. आपल्या घरातील धनासमोर हात जोडण्याचा हा एक दिवस. शेजाऱ्याच्या घरातील धनाकडे डोळे लावण्यास मात्र आपणांस पंचांग पाहावे लागत नाही! त्या डोळ्यांविषयी एक कथा आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ती आमच्या पुराणांतील नाही, ख्रिस्ती शास्त्रातील आहे.

गेल्या आठवड्यात तेलगावी आमचे कीर्तन होते. बीडहून परळीकडे येणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता तेथे एकमेकांस छेदतात. परळी वैजनाथास आमचे बिऱ्हाड असल्यामुळे त्या चौकात आम्ही किती वेळा उतरलो असू, याची गणती नाही. शिवारात साखर कारखाना उभा आहे, तरी हंगामाच्या तोंडावर याच भागातील टोळ्या भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरे वाहनांत भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीस निघतात. नवरा आणि बायको मिळून हिशेबात एक कोयता. उचल अगोदरच घेतलेली आणि बहुधा खर्चही झालेली. अशी मंडळी समोर बसली असता धनदौलतीचे कोणते आख्यान लावावे, असा आम्हांस प्रश्न पडला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायातील मजुरांची कथा आठवली.

एका मळेवाल्याच्या द्राक्षमळ्यात काम निघाले. तो पहाटेच बाजारात गेला आणि दिवसाला एक दीनार ठरवून त्याने मजूर लावले. दीनार म्हणजे रोमी राज्यातील चांदीचे नाणे, मजुराच्या एका दिवसाचा रोज. नऊच्या सुमारास तो पुन्हा गेला, दुपारी गेला, तिसऱ्या प्रहरी गेला. प्रत्येक वेळी रिकामे उभे असलेले लोक त्याने मळ्यात धाडले आणि वाजवी असेल ते देईन, एवढेच सांगितले. दिवस मावळण्यास तास राहिला असता तो आणखी एकदा बाजारात गेला, तरी काही जण उभेच. दिवसभर उभे का, असे विचारता ते म्हणाले की, आम्हांस कोणी कामालाच लावले नाही. त्यांनाही त्याने पाठविले. संध्याकाळी कारभाऱ्यास त्याने आज्ञा केली की, शेवटी आलेल्यांपासून मजुरी वाटावयास लाग. तासभर राबलेल्यांच्या हातावर अख्खा दीनार पडला! पहाटेच्या मजुरांनी ते पाहिले आणि आपणांस अधिक मिळणार, असा हिशेब मनात बांधला. त्यांनाही एकच दीनार मिळाला आणि कुरकुर सुरू झाली.

येथे वाचकांनी वाटपाचा क्रम पाहावा. पहाटेच्या मजुरांना आधी पैसे दिले असते, तर ठरलेला रोज कनवटीस लावून ते संतोषाने घरी गेले असते. त्यांचा एक पैसाही कमी झाला नव्हता. उणे काही पडले असेल तर ते दुसऱ्याच्या हातातील नाणे पाहिल्यावर त्यांच्या मनात पडले. मळेवाला त्यांना जे विचारतो, त्याचा भाव असा की, मी चांगुलपणा केला म्हणून तुझा डोळा वाईट झाला काय?

‘वाईट डोळा’ हा शब्दप्रयोग यहुदी लोकांचा जुना आहे. कृपणाचा आणि मत्सरी माणसाचा डोळा वाईट, उदाराचा डोळा चांगला, असे त्यांच्या धर्मग्रंथांत अनेक ठिकाणी येते. आमच्या माउलीच्या भाषेला हे नवीन नाही. दुसऱ्याचे बरे झालेले आपल्या ‘डोळ्यांत खुपते’, असे आपण म्हणतो आणि तान्ह्या बाळाची ‘दृष्ट’ मीठमोहऱ्यांनी काढतो. संस्कृतात ईर्ष्या आणि असूया यांत भेद केलेला आहे. दुसऱ्याचा उत्कर्ष न साहणे ती ईर्ष्या. दुसऱ्याच्या गुणांतच दोष काढणे ती असूया. पहाटेच्या मजुरांना दोन्ही एकदमच जडल्या, कारण त्यांना नुसते सोबत्याचे नाणेच सलले नाही, मालकाचे औदार्यही अन्याय वाटू लागले. षड्रिपूंच्या गणनेत मत्सर शेवटचा, आणि मोशेच्या दहा आज्ञांतही परक्याच्या वस्तूंचा लोभ धरू नये, ही आज्ञा शेवटचीच आहे. चोरी उघड्यावर येते. हा मात्र कोणास न दिसता आतल्या आत जळत राहतो.

इतके विद्वत्तापूर्ण सांगणाऱ्या आमची स्थिती काय, तेही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी तेलगावपासून जवळच असलेल्या एका गावी सप्ताहात सातही दिवस सकाळचे प्रवचन आमच्याकडे होते. बिदागी आधी ठरली होती आणि ती आमच्याच तोंडून ठरली होती. काल्याच्या कीर्तनास एक तरुण कीर्तनकार आले. मोबाइलवर त्यांना ऐकणारा समाज मोठा. दोन तास कीर्तन झाले आणि निघताना त्यांच्या हाती दिलेले पाकीट आमच्याइतकेच होते, असे सहज कळले. त्या क्षणापर्यंत आम्ही तृप्त होतो. त्यानंतर परळीपर्यंतच्या वाटेत त्यांच्या चुकलेल्या संस्कृत उच्चारांची यादी आम्ही मनाशी करीत होतो! उच्चार खरोखरच चुकले होते. पण पाकीट लहान असते, तर ते आम्हांस ऐकू आले असते काय?

आता ही कथा सांगताना एक धोका आहे. मालकाने काहीही द्यावे आणि मजुराने मुकाट्याने घ्यावे, असा तिचा अर्थ कोणी मुकादम काढील, तर तो त्या शास्त्राचा नव्हे. त्याच शास्त्रात गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी देऊन टाकावी, रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असे स्पष्ट आहे. शेताच्या कडा कापू नयेत, कापणीत विसरलेली पेंढी आणावयास परत फिरू नये. ते सारे परदेशी, विधवा आणि पोरके यांच्यासाठी राहू द्यावे, असाही नियम आहे. आमच्या मराठवाड्यात ज्याला सरवा वेचणे म्हणतात, तो तेथे गरिबाचा हक्क ठरला. रूथ नावाची तरुण विधवा आपल्या सासूबरोबर परमुलखात आली आणि असा सरवा वेचूनच तिने दोघींचे पोट भरले. सातव्या वर्षी ऋण सोडून द्यावे, असेही तेथे आहे. आणि ते वर्ष जवळ आले म्हणून गरीब भावाकडे वाईट डोळ्याने पाहून कर्ज नाकारू नकोस, अशी ताकीदही आहे. उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामासही बांधल्या जाणाऱ्या कोयत्यांनी भरलेल्या जिल्ह्यात या नियमाची आठवण कोणास रुचेल, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

हे शास्त्र आमच्या भाषेला परके राहिलेले नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाई पुराणे सांगत देशभर फिरणाऱ्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. ते भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आम्हांस अधिक जवळचे वाटतात ते रेव्हरंड नारायण वामन टिळक, कारण ते संस्कृतज्ञ आणि कीर्तनकारही होते. १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे शेजारच्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. कीर्तनाची आपली पद्धत त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजविली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. ठरलेला रोज घेणारा मजूर एके दिवशी रोजाचा हिशेबच टाकून देतो, असे हे घडले. अवघ्या दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते वारले. त्यांच्या हातात पैसा कसा टिकत नसे, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त वाचताना हसू येते, परंतु अशा उदार पुरुषाच्या घरची चूल पेटवावी लागत होती ती लक्ष्मीबाईंना, हे विसरून त्यांची स्तुती करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. देणाऱ्याच्या औदार्याचा भार पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या तरी डोक्यावर असतो.

तेलगावच्या कीर्तनात आम्ही पहाटेच्या मजुरांविषयी पुष्कळ बोललो. आरती झाल्यावर एक म्हातारी पुढे आली. उमेद होती तोवर ती दर साल फडावर जात असे. ती म्हणाली, “महाराज, सकाळच्या गड्यांचं तुम्ही लई सांगितलं. पर जे दिसभर बाजारात उभं व्हते, त्यांचा जीव किती झुरला आसंल? रातीला लेकरांला काय घालावं, ह्याचा घोर त्यांनी बारा तास केला. ती मजुरी कोन धरायची?”

चाळीस वर्षे आम्ही ग्रंथ वाचीत आहोत. या बाजूने ती कथा आम्ही कधी पाहिलीच नव्हती. काम मिळालेल्याचे अंग शिणते, न मिळालेल्याचे काय होते, हे त्या बाईस ठाऊक होते. टोळी भरताना मुकादमाने ज्यांना नाकारले, त्यांच्यात कधी तीही उभी राहिली असेल.

परतताना गाडीत आम्हांस ते तरुण कीर्तनकार आठवले. आज त्यांची कीर्तने लाखो लोक ऐकतात, हे आम्हांस दिसते. त्याआधी कोणी बोलावील म्हणून ते किती वर्षे कोणकोणत्या देवळांच्या पायऱ्यांवर बसले असतील, हे आम्ही कधी विचारले नाही. त्यांचा पत्ता आमच्याजवळ आहे. पाडव्याला त्यांना पत्र लिहावे, असे मनात आहे. उच्चारांविषयी त्यात काही लिहिणार नाही.