बी.एड.चे उपक्रम फाईलमध्ये, आपली मुलं वर्गात

बी.एड.च्या छात्राध्यापकाला दोन वर्षांत काय केलं असं विचारलं, तर तो आधी फाईली मोजतो. सूक्ष्म अध्यापनाची फाईल, सराव पाठांच्या टाचणांची फाईल, आंतरवासितेची, क्षेत्रभेटीची, नाट्य व कलेची, वाचन-चिंतनाची, समाजसेवेची. यातल्या निम्म्याहून अधिक फाईली पाठ घेण्याच्या नाहीत. अध्यापक महाविद्यालयं ज्यांना समृद्धी उपक्रम म्हणतात, त्यांच्या त्या आहेत: परिपाठ, भित्तिपत्रक, हस्तलिखित, पथनाट्य, सहल, दिनविशेष, प्रदर्शन, शिबिर. आपल्या समाजात बी.एड.बद्दल बोलणं होतं ते सीईटी, फी, शिष्यवृत्ती, टीईटी आणि पवित्र पोर्टल यांच्यापुरतं. या उपक्रमांकडे ‘टाईमपास’ म्हणून बघण्याची सवय आपल्यालाही लागली आहे. आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. ज्याच्या घरात आधी कुणी शिक्षक झालेला नाही, त्याला शिक्षक करणारा भाग हाच आहे, आणि सगळ्यात जास्त लुटला जातो तोही हाच.

हे आत्ताच लिहिण्याला कारण आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २०२५ च्या सुरुवातीला नव्या नियमावलीचा मसुदा काढला. त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.ची तरतूद आहे. बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही सुरू झाला आहे. एक वर्ष वाचलं तर गरीब घरातल्या मुलाला ते हवंच आहे, आम्ही त्याला विरोध करत नाही. पण दोनाचं एक झालं की कात्री कशाला लागेल? लेखी पेपरला लागणार नाही. पाठांची संख्या थोडी कमी होईल. आणि कला, नाट्य, वाचन, वस्तीतलं काम हे सगळं एका आठवड्याच्या कार्यशाळेत बसवलं जाईल.

दोन वर्षांचं बी.एड. आलं कसं, याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. आपल्याकडच्या खासगी डी.टी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद न्यायालयात गेला. त्यातून सर्वोच्च न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. शिक्षक घडवण्याचा कारखाना किती पोकळ झाला होता, हे त्या अहवालाने देशासमोर मांडलं. पुढे एनसीटीईची २०१४ ची नियमावली आली आणि २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. या नियमावलीने उपक्रमांना पहिल्यांदा अभ्यासक्रमात मानाची जागा दिली. ‘व्यावसायिक क्षमता संवर्धन’ या नावाखाली चार विषय आले: वाचन आणि चिंतन, नाट्य आणि कला, माहिती तंत्रज्ञानाची चिकित्सक समज, आणि स्वतःला समजून घेणं. वर्षाला २०० कामाचे दिवस, अभ्यासक्रमाला ८० टक्के आणि आंतरवासितेला ९० टक्के हजेरी. कागदावर यापेक्षा चांगलं काय हवं?

कागदाबाहेर ‘नॉन-अटेंडिंग’ नावाचा धंदा उभा राहिला. आमच्याशी बोलणाऱ्या छात्राध्यापकांपैकी जवळपास प्रत्येकाला असं एखादं महाविद्यालय माहीत आहे, जिथे ठरलेली रक्कम दिली की हजेरी लागते आणि फाईली बाजारात तयार मिळतात. अशा ठिकाणी पथनाट्य म्हणजे एक फोटो. क्षेत्रभेट म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेली दोन पानं. आपले तरुणही हा मार्ग धरतात, हे लपवण्यात अर्थ नाही. दिवसा खासगी नोकरी, रात्री अभ्यास, घरी आईबाप थकलेले. अशा पोराला ‘रोज कॉलेजला जा’ हे सांगणं सोपं आहे. पण हिशेब नीट करू या. ज्याच्या घरात दोन पिढ्या शिक्षकी आहे, त्याने उपक्रम बुडवले तरी त्याला वर्ग कसा सांभाळायचा, पालकांशी कसं बोलायचं, अधिकाऱ्यासमोर कसं उभं राहायचं हे घरातच मिळालेलं असतं. आपल्या पोराला ते फक्त तिथेच मिळणार होतं. नॉन-अटेंडिंगमध्ये दोघांचे पैसे सारखे जातात, नुकसान मात्र सारखं होत नाही.

आणि हे नुकसान पुढे नोकरीतही दिसतं. शिक्षक अभियोग्यता चाचणी २०० गुणांची, बहुपर्यायी. तिथे कुणी परिपाठ कसा घेतलास हे विचारत नाही. पण खासगी संस्थांच्या मुलाखतीसह होणाऱ्या भरतीत अध्यापन कौशल्यही बघितलं जातं. तिथे चाचणीत चांगले गुण घेतलेला आपला उमेदवार फळ्यासमोर चाचपडतो, आणि ‘गुणवत्ता’ या शब्दाखाली त्याला बाजूला काढणं संस्थाचालकाला सोपं जातं. जात बघूनही बाजूला काढतात, हे आम्हाला माहीत आहे. त्यांच्या हातात तयार कारण का द्यायचं, एवढाच प्रश्न आहे.

आता ज्या महाविद्यालयांत उपक्रम खरोखर होतात, तिथे काय होतं ते बघू. सगळ्यात पहिला अडथळा भाषेचा. वस्तीतून, पाड्यावरून आलेली मुलगी पहिल्यांदा परिपाठाला उभी राहते आणि ‘ण’च्या जागी ‘न’ गेला की मागच्या बाकांवर हसू फुटतं. निरीक्षण वहीत शेरा पडतो: ‘उच्चार सुधारा’. प्रमाण मराठी शिक्षकाला यायलाच हवी, याबद्दल वाद नाही. पण तिची बोली ही तिच्या होणाऱ्या विद्यार्थ्यांचीही बोली आहे, आणि ती वर्गात वापरता येणं हे कौशल्य आहे, असा शेरा कुठल्या वहीत वाचायला मिळतो?

नाट्य आणि कलेचा तास याच मुलीला मोकळं करू शकतो. पण तिथे बहुतेक वेळा रांगोळी, मेंदी, पुष्परचना आणि स्नेहसंमेलनातला एखादा नाच. महाराष्ट्रात शिक्षणासाठी नाट्याचा वापर कुणी केला, हे सत्यशोधक जलशांपासून सांगता येतं. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. ज्यांना अक्षर येत नव्हतं, त्यांना त्याने हक्क, शाळा, स्वाभिमान समजावला. प्रश्नोत्तरं, विनोद, गाणं आणि शेवटी एक ठोस मागणी असा त्याचा घाट होता. इतिहास किंवा नागरिकशास्त्राचा पाठ जलशाच्या घाटात बसवा असं एखाद्या छात्राध्यापकाने सुचवलं तर तो अभ्यासक्रमाच्या बाहेर जात नाही, उलट तो अभ्यासक्रम त्याने खरा वाचला असं म्हणावं लागेल. आणि हे आपल्याच पोरांना सुचवता येईल. त्यांनी चौदा एप्रिलच्या मांडवात गाणी ऐकली आहेत.

दिनविशेषांचं काय? ५ सप्टेंबर थाटात होतो. ३ जानेवारीला सावित्रीमाईंचा फोटो, दोन भाषणं आणि नऊवारीतली एक मुलगी. ७ नोव्हेंबर, ज्या दिवशी १९०० साली भीमरावाचं नाव साताऱ्याच्या शाळेच्या पटावर चढलं, तो राज्य सरकारने २०१७ पासून ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून जाहीर केला आहे. पण तो बहुधा दिवाळीच्या सुटीच्या आसपास येतो आणि त्या गडबडीत हरवतो. (सुटीतल्या दुसऱ्या जयंत्या मात्र सुटीनंतर आठवणीने साजऱ्या होतात.) उपक्रमांच्या उद्घाटनाला मूर्तिपूजन, आरती असेल तर आपल्या मुलांनी काय करायचं, हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेतल्या कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. हे शांतपणे सांगता येतं. त्यासाठी कार्यक्रम उधळण्याची गरज नाही. अंतर्गत गुण प्राध्यापकांच्या हातात असतात, आणि एकट्या मुलाने ते भांडण अंगावर घ्यावं असं आम्ही सांगणार नाही. चार-पाच जणांनी मिळून लेखी विनंती करावी की उद्घाटन प्रास्ताविकेच्या वाचनाने व्हावं. राज्यातल्या शाळांत प्रास्ताविकेचं वाचन व्हावं हा शासनाचा २०२० चा आदेश आहे. जो शिक्षक ते शाळेत घेणार, त्याला त्याचा सराव महाविद्यालयात नको?

वाचन आणि चिंतन या विषयात कोणती पुस्तकं हातात दिली जातात, यावर तर स्वतंत्र लेख होईल. दया पवारांचं ‘बलुतं’, शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’, उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ ही पुस्तकं मराठी साहित्याच्या पेपरात असतात, पण अध्यापक महाविद्यालयाच्या वाचन-उपक्रमात क्वचित. खरं तर शाळा शेवटच्या बाकावरून कशी दिसते, हे या पुस्तकांइतकं कुठल्याही शैक्षणिक मानसशास्त्राच्या ग्रंथात नाही. वर्गातला अपमान, एखाद्या गुरुजींचा आधार, फीचे पैसे, पाण्याचा माठ हे सगळं त्यात आहे. चिंतनाची फाईल लिहायला याहून चांगला मजकूर कोणता? ग्रंथालयात नसेल तर मागणीपत्र द्या. अशा नोंदींची वही ग्रंथपालाला ठेवावी लागते.

सगळ्यात जास्त खटकतो तो समाजसेवेचा उपक्रम. महाविद्यालय एक वस्ती ‘दत्तक’ घेतं. ती बहुतेक वेळा आपलीच असते. छात्राध्यापक झाडू घेऊन येतात, गटार झाडतात, ‘स्वच्छतेचे महत्त्व’ सांगतात, फोटो काढतात आणि दुपारपर्यंत परततात. त्याच फोटोत त्याच वस्तीत राहणारी एक छात्राध्यापिका मान खाली घालून उभी असते. तिच्या बापाने, काकाने आयुष्यभर शहर झाडलं आणि आज तिच्या वर्गमैत्रिणी तिच्या शेजाऱ्यांना झाडू कसा धरायचा हे शिकवतात! वस्तीत कुणाला काय येतं, किती मुलं शाळेतून गळाली, सातवीनंतर मुली कुठे जातात, जातीचा दाखला न मिळाल्याने कुणाची शिष्यवृत्ती अडली याची साधी नोंदही कुणी घेत नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, तेव्हा शिक्षक कसा हवा हे स्पष्ट मांडलं होतं. प्राथमिक शाळांतले शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी समाजातून यावेत, लोकांत मोकळेपणाने मिसळून त्यांच्या गरजा ओळखणारे असावेत, आणि वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटू नये, असा त्यांच्या मागणीचा आशय होता. त्यांना पगारही पोटापुरता नव्हे, नीट द्या, असं त्यांनी सांगितलं. समाजसेवेच्या उपक्रमाची याहून नेमकी व्याख्या आम्हाला आजवर सापडलेली नाही. ‘मिसळणं’ हा त्यातला मुख्य शब्द. झाडू घेऊन येणं आणि मिसळणं यात फरक आहे.

‘स्वतःला समजून घेणं’ या विषयाचा तास योगासनांत संपतो. श्वासावर लक्ष ठेवण्याला आमचा विरोध कसा असेल? राज्याच्या शालेय शिक्षण विभागानेच मित्र उपक्रमातून शाळांत आनापान नेलं आहे आणि आपल्या अनेक शिक्षकांनी ते मनापासून राबवलं. पण स्वतःला समजून घेण्यात आपले पूर्वग्रह तपासणंही येतं. आंतरवासितेच्या सोळा आठवड्यांत छात्राध्यापकाने एवढंच टिपावं: वर्ग झाडायला कुणाला सांगितलं जातं, पाहुण्यांना पाणी कोण देतं, स्नेहसंमेलनात निवेदन कुणाला मिळतं, पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, शिष्यवृत्तीच्या मुलांची नावं वर्गात मोठ्याने का वाचली जातात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ८(क) प्रमाणे दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलाशी भेदभाव होणार नाही हे बघणं शासनाचं कर्तव्य आहे. ते कर्तव्य वर्गात ज्याच्या हातून पाळलं जातं किंवा मोडलं जातं तो शिक्षकच असतो.

खर्चाचं थोडक्यात. शिष्यवृत्तीत मान्य फी भागते. तक्ते, वेशभूषा, सहल, प्रवास यांचा खर्च खिशातून जातो आणि त्यासाठी मुली गटातून मागे राहतात. जयंतीच्या वर्गणीतला एक छोटा हिस्सा यासाठी बाजूला काढणं कुठल्याही मंडळाला जड नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. अध्यापक महाविद्यालयांना नॅकच्या मूल्यांकनासाठी विस्तारकार्याचे पुरावे लागतात: कुठे गेलात, कुणासोबत काम केलंत, किती दिवस केलंत. दर वर्षी ते जागा शोधत असतात. आपल्याकडे विहार आहेत, त्यातल्या अनेक ठिकाणी अभ्यासिका आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, आणि संध्याकाळी मोकळी असणारी मुलं आहेत. विहार समितीने महाविद्यालयाला पत्र द्यावं: झाडू नको, तीन महिने रोज संध्याकाळी एक तास छात्राध्यापक पाठवा; चौथी ते आठवीच्या मुलांचं वाचन आणि गणित घ्या; वस्तीतल्या गळालेल्या मुलांची यादी आमच्यासोबत करा; शेवटी मुलांचं हस्तलिखित आणि एक जलसा. उपस्थितीची वही विहारात राहील आणि प्रमाणपत्र समिती देईल. पत्र प्राचार्यांच्या नावे, प्रत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या समन्वयकांना. सत्र सुरू होण्याआधी ते पोचायला हवं, कारण एकदा वार्षिक नियोजन छापलं गेलं की पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं.