झाड कुणाचे होते?

एर्मान्नो ओल्मी यांचा 'द ट्री ऑफ वुडन क्लॉग्ज' (१९७८) हा कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला इटालियन चित्रपट आता रिस्टोअर होऊन ब्लू-रेवर घरी बघता येतो. त्यातल्या धुक्याचे, शेतांचे, बाखच्या संगीताचे कौतुक होते. ते रास्तच आहे. पण आमचा प्रश्न साधा आहे : ते झाड कुणाचे होते?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा लोम्बार्डी प्रांत. चार-पाच शेतकरी कुटुंबांचा एक वाडा. घर, गोठा, जमीन, झाडे सगळे जमीनदाराचे. पिकाचे दोन हिस्सेही त्याचेच, कसणाऱ्याला उरतो तिसरा. पाद्र्याच्या आग्रहाने बतिस्ती आपल्या मुलाला, मिनेकला, शाळेत घालतो. लांबच्या पायपिटीत पोराचा लाकडी बूट फुटतो. बाप गुपचूप मालकाचे झाड तोडून नवा बूट घडवतो. मालकाला कळते आणि कुटुंब बेघर होते. शेजारी घरातच प्रार्थना करत बसतात. गाडी निघून गेल्यावर बाहेर येतात.

ओल्मींनी खऱ्या शेतकऱ्यांना त्यांच्याच बर्गामोच्या बोलीत बोलते केले, हे मोठे काम. पण या दारिद्र्याला 'काव्यमय' म्हणणाऱ्यांनी जत्रेचा प्रसंग पुन्हा बघावा. वक्ता समतेवर बोलतो आहे आणि शेतकऱ्याची नजर जमिनीवरच्या सोन्याच्या नाण्यावर खिळली आहे. विचार डोक्यावरून जातो, कारण वाड्यात संघटना नाही.

कोकणातल्या कुळांना खोताच्या मर्जीतून सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. दयेवर विसंबले नाहीत, कायदा मागितला.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. बतिस्तीने पोरासाठी पहिला शब्द पाळला. उरलेले दोन त्या वाड्यात कुणी उच्चारलेच नाहीत.