धाकट्या पातीचें विमान

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून प्रवासी विमानें उडूं लागलीं, आणि वाशी, नेरूळ, पनवेलकडील कुटुंबांची सांताक्रूझपर्यंतची यातायात पुष्कळ कमी झाली. ह्याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु आरंभीं तेथें कोणाचीं विमानें आलीं, हें पाहण्यासारखें आहे. मुख्यत्वें इंडिगो, अकासा आणि एअर इंडिया एक्सप्रेस, ह्या तिन्ही अल्प भाड्याच्या कंपन्या. एअर इंडियाच्या घराण्यानें थोरल्या पातीस मागें ठेवून धाकटीस पुढें केलें.

एकाच मालकाच्या दोन पात्या कशाला, असें वाचक विचारतील. २००५ सालीं एअर इंडियानें ही उपकंपनी काढली. तिचें पहिलें विमान तिरुवनंतपुरमहून अबूधाबीस गेलें. आखातांत राबणाऱ्या सामान्य माणसास परवडेल अशा भाड्यांत घरीं येतां यावें, हा हेतु चांगलाच होता. त्याला कोणी नांवें ठेवूं नयेत. प्रश्न एवढाच कीं, कमी झालेलें भाडें कोणाच्या पदरांतून येतें? इंधन धाकटीस म्हणून कोणी स्वस्त देत नाहीं. जेवणाचें ताट आणि पायांपुढची जागा काटल्यानें कांहीं वांचतें, विमान दिवसांतून अधिक वेळां फिरविल्यानें कांहीं वांचतें. उरलेली काटकसर माणसांवर येते; त्यांच्या संख्येवर, तासांवर आणि वेतनावर.

आणि काटकसरीची संवय एकाच घरीं राहत नाहीं. एप्रिल २०२३ मध्यें खुद्द एअर इंडियानें वैमानिकांपुढें नवें करारपत्र ठेवलें. त्यांत कोविडपूर्व काळची दरमहा ७० तासांची वेतनाची हमी ४० तासांवर आली. वैमानिकांच्या दोन्ही संघटनांनीं विरोध केला. दीड हजारांवर वैमानिकांनीं रतन टाटांकडे लेखी दाद मागितली. पुढें २०२४ सालीं विस्तारा कंपनी एअर इंडियांत विलीन व्हावयाची, तेव्हां तिच्याही वैमानिकांस तीच ४० तासांची हमी देऊं केली गेली. पंगतींत सर्वांस सारखें वाढावयाचें म्हणून एकाच्या पानांतलें तूप काढून घ्यावें, तशी ही समानता झाली.

लाखांनीं पगार घेणाऱ्यांचीं कसलीं गाऱ्हाणीं, असें कोणी म्हणेल. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. वैमानिक कांहीं गिरणीकामगार नव्हेत. परंतु ह्या वादांत पगाराइतकाच प्रश्न पुरेशा माणसांचा व विश्रांतीचा आहे, आणि तेथें प्रवाशाचा जीव गुंतलेला आहे.

७ ऑगस्ट २०२० रोजीं एअर इंडिया एक्सप्रेसचें विमान दुबईहून १९० जणांना घेऊन आलें, आणि पावसांत कोळिकोड येथें उतरतांना धावपट्टी ओलांडून खालीं कोसळलें. २१ माणसें गेलीं. त्यांत कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिक होते. वैमानिकानें ठरलेली कार्यपद्धति पाळली नाहीं, हेंच चौकशी अहवालानें संभाव्य कारण ठरविलें. तें आम्ही लपवीत नाहीं. पण त्याच अहवालांत अशीही नोंद आहे कीं, त्या तळावर सहवैमानिक २६ आणि कायम नेमलेला कॅप्टन मात्र एकच होता. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेथूनच उड्डाण करावयाचें असल्यामुळें कोळिकोडलाच उतरण्याची ओढ कॅप्टनच्या मनावर होती. कागदावर वांचविलेला एक कॅप्टन अशा रात्रीं किती महाग पडतो, ह्याचा हिशेब कोणत्या ताळेबंदांत मांडावयाचा?

ह्यानंतरही धडा पुरता शिकला गेला नाहीं. नव्या नियमांनीं वैमानिकाची साप्ताहिक विश्रांति ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि आठवड्यांतील रात्रीचीं उतरणीं सहांवरून दोनांवर आणलीं. नियम आगाऊ जाहीर होते. तरीही डिसेंबर २०२५ च्या आरंभीं इंडिगोपाशीं पुरेसे वैमानिक निघाले नाहींत; हजारों उड्डाणें रद्द झालीं, लोक विमानतळांवर खोळंबले, आणि शेवटीं सवलत मिळाली ती कंपनीस, फेब्रुवारी २०२६ पर्यंत. वैमानिकांच्या संघटनांनीं त्यास हरकत घेतली, ती आम्हांस रास्त वाटते.

आमच्या मतें उपकंपनी काढण्यास कोणाची ना नसावी. तिनें ताटांत, आसनांत, सामानांत हवी तितकी काटकसर करावी. परंतु परवाना एक, जबाबदारी एक, पाठीमागें बसलेल्या जीवांची किंमत एक. तर माणसांचें पुरेसें बळ, विश्रांति आणि वेतनाची हमी दोन्ही पात्यांत एकच असावी.

ह्यांत आपल्या घरांचाही वांटा आहे. आजीच्या काशीयात्रेचें तिकीट स्वस्त हवें, आणि नातवानें वैमानिक होण्यासाठीं काढलेलें कर्ज त्याच्या पगारांतून फिटावें, हे दोन्ही हट्ट एकाच माजघरांत चालतात. दोन्ही एकदम पुरे होणें कठीण, हें वडीलधाऱ्यांनीं तरी ओळखावें. वैमानिक काम थांबवितात तेव्हां आपण प्रथम त्यांस बोल लावतों. त्यापूर्वी त्यांची मागणी एकदां नीट वाचावी, एवढें तरी घरोघर व्हावें.