सीआरपी नॉर्मल, मग खोकला कसला?



परवा मंडळाच्या वाचनालयात एक काकू भेटल्या. मुलगा चोवीस वर्षांचा, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असतो. त्याला लहानपणापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे. "खोकला वाढलाय, कफ हिरवट झालाय, जिना चढताना थांबावं लागतं. पण सीआरपी नॉर्मल आला, म्हणून तो म्हणतो, दिवाळीला घरी आलो की बघू."

मी म्हटलं, "काकू, दिवाळीची वाट नको. त्याच्या डॉक्टरांना आजच फोन करायला सांगा."

त्यामागचं कारण सांगतो. आई आणि वडील दोघांकडूनही सीएफटीआर या जनुकाची सदोष प्रत आली, तर हा आजार होतो. फुफ्फुसातला कफ घट्ट आणि चिकट होतो, त्यात जंतू ठाण मांडतात. मधूनमधून त्रास बळावतो. या बळावण्याकडे दुर्लक्ष परवडत नाही. उपचार घेऊनही साधारण चारातल्या एका रुग्णाची फुफ्फुसांची ताकद पहिल्यासारखी होत नाही.

आता सीआरपी. शरीरात कुठे दाह सुरू झाला की काही तासांत यकृत हे प्रथिन रक्तात सोडू लागतं. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांमध्ये ते प्रथम सापडलं. दाह थांबला की साधारण १९ तासांत ते निम्म्यावर येतं. म्हणून ही तपासणी उपयोगी आहे, पण सिस्टिक फायब्रोसिसमध्ये तिच्या दोन अडचणी आहेत.

पहिली, काहींचा सीआरपी बरं असतानाही थोडा चढलेलाच असतो. एकाला १२ हा नेहमीचा आकडा, तर दुसऱ्याला तोच धोक्याचा. दुसरी, काही जणांचा त्रास चांगलाच बळावतो, तरी सीआरपी हलत नाही, कारण दाह मुख्यतः श्वासनलिकांमध्येच असतो. उलट दाढ सुजली तरी तो वाढू शकतो.

इतर तपासण्यांचंही असंच आहे. पांढऱ्या पेशी स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही वाढतात. ईएसआर सावकाश चढतो, सावकाश उतरतो. रक्तात पसरलेल्या गंभीर संसर्गात उपयोगी पडणारं प्रोकॅल्सिटोनिन इथे बऱ्याचदा कमीच दिसतं. कॅल्प्रोटेक्टिन या प्रथिनावर अभ्यास झाले आहेत, पण एकट्यानं निकाल देईल अशी रक्ततपासणी अजून नाही.

मग रक्त तपासायचंच कशाला? तुलना करायला. उपचार सुरू करताना सीआरपी वाढलेला असेल आणि पुढे उतरत गेला, तर औषध लागू पडतंय. उतरलाच नाही, तर डॉक्टर फेरविचार करतात. त्याच्या जोडीला लक्षणं, वजन, कफाचं कल्चर आणि फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री हे सगळं बघावं लागतं.

तुमच्या घरात किंवा मित्रमंडळींत कुणाला हा आजार असेल, तर एवढं करा:

• तब्येत चांगली असताना डॉक्टरांना विचारून सीआरपी, पांढऱ्या पेशी आणि स्पायरोमेट्री करून ठेवा. तो आपला 'घरचा आकडा'.
• शक्यतो एकाच लॅबमध्ये जा. एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर. यात दहापटीचा फरक पडतो! १.२ आणि १२ एकच असू शकतात.
• सगळे रिपोर्ट मोबाइलमध्ये तारखेनुसार ठेवा. गाव बदललं तरी नव्या डॉक्टरांना ते लगेच दाखवता येतात.
• खोकला, कफ, दम, भूक किंवा वजन यांत बदल जाणवला, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी डॉक्टरांना कळवा.

काकूंचा फोन आला होता. मुलाची स्पायरोमेट्री बरीच घसरलेली निघाली, कल्चरमध्ये जंतू सापडले, त्याप्रमाणे उपचार सुरू झाले. आता तो जिना न थांबता चढतो. सीआरपी मात्र अखेरपर्यंत नॉर्मलच होता!

भेटू पुढच्या महिन्यात. काळजी घ्या.