बिघडलेली मॉडेलं पाठवा

प्रति,
इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज, मुंबई

सन्माननीय संचालक आणि अध्यापकहो,



जुलै २०२५ मध्ये पेडर रोडला तुमचं काम सुरू झालं, गोरेगावच्या चित्रनगरीत मोठं संकुल व्हायचं आहे, ॲडोबी आणि एनव्हीडियासारख्या कंपन्या सोबत आहेत, हे सगळं आम्ही तेल्हाऱ्यात बसून वाचलं. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन-गेमिंगचं धोरण मंजूर केलं. २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटींचा आराखडा आहे म्हणतात. त्यातला एक रुपयाही मागायला हे पत्र नाही. मला तुमच्याकडून बिघडलेली मॉडेलं हवी आहेत, आणि ती का हवीत ते जरा तपशिलात सांगतो.

मी इथं संगणकाचा क्लास चालवतो. टायपिंग आणि टॅलीची बॅच सुटली की काही पोरं-पोरी थांबतात आणि ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेलं घडवायचं सॉफ्टवेअर उघडतात. यंदा संत गाडगेबाबांच्या जन्माला दीडशे वर्षं झाली. बाबांचं बालपण दापुऱ्यात, मूर्तिजापूर तालुक्यात, म्हणजे आमच्याच अकोला जिल्ह्यात गेलं. तेव्हा पोरांनी ठरवलं की बाबांचा पुतळा संगणकावर घडवायचा. मुळापासून माणूस घडवणं नवशिक्याला जमत नाही. म्हणून तयार मानवी मॉडेल उतरवून घ्यायचं, व्हॉक्सेलनं, म्हणजे बारीक घनांच्या जाळीवर त्याचं अंग नव्यानं विणून, त्याची माती करायची आणि मग त्यावर हात चालवायचा, हा बेत. बेत शहाणपणाचाच आहे, जगभर असंच करतात.

पण पहिलं ‘रीमेश’ दाबलं आणि बाबांचा गोळा झाला. नाक नाही, बोटं नाहीत, खांद्यावर नुसतं टेंगूळ. एक पोरगी म्हणाली, “सर, बाबायचं तोंड कुठी गेलं जी?”

तोंड कुठं जातं, याचा हिशेब सोपा आहे. ब्लेंडरमध्ये व्हॉक्सेलचा आकार सुरुवातीला ०.१ मीटर असतो. माणूस १.८ मीटर उंच धरला तर डोक्यापासून टाचेपर्यंत अठरा व्हॉक्सेल होतात. सगळ्या अंगाला मिळून दोनशेच्या आसपास चौकोन आले, तर त्यात नाक बसवायचं कुठं? आकार ०.००५ केला की उंचीत ३६० व्हॉक्सेल येतात, चौकोन पाऊण लाखाच्या घरात जातात आणि चेहरा परत येतो. आकार निम्मा केला की चौकोन चौपट होतात, हे एकदा पोरांच्या डोक्यात बसलं की ती बेतानं खाली येतात. नाहीतर थेट ०.०००१ टाकतात आणि मशीन बसतं.

दुसऱ्या एका पोराचं बरोबर उलटं झालं. त्यानं ०.१ ला हातही लावला नव्हता, तरी ८ जीबीचं मशीन गोठलं. त्याचं मॉडेल सांगाड्यासकट एफबीएक्समधून आलेलं, आतून सेंटिमीटरमध्ये मोजलेलं. पडद्यावर माणूस १.८ मीटरचाच दिसतो, कारण वर ०.०१ चं स्केल लावलेलं असतं. आत मात्र तो १८० एककं उंच उभा आहे. व्हॉक्सेल आतलं माप धरतो, म्हणून अठराचे अठराशे झाले आणि चौकोन जवळजवळ एकोणीस लाख. यावर इलाज एका ओळीचा आहे: मॉडेल सांगाड्यापासून सोडवा, कंट्रोल-ए दाबून स्केल पक्कं करा, मगच रीमेश. ही ओळ ज्याला कोणी सांगितली नाही, तो पोरगा घरी जाऊन सांगतो की आपला कॉम्प्युटर भंगार आहे.

खरी गंमत बाबांच्या वेशात आहे. अंगावर चिंध्यांची फडकी, हातात खराटा, डोक्यावर गाडगं, एका कानात कवडी आणि दुसऱ्यात बांगडीची काच. व्हॉक्सेलच्या सगळ्या खोडी एका माणसात सापडाव्यात अशी ही मूर्ती आहे. फडकं म्हणजे जाडी नसलेला नुसता पत्रा. व्हॉक्सेलला आत आणि बाहेर असं दोन्ही लागतं. पत्र्याला आत नाहीच, म्हणून ते कधी गायब होतं, कधी त्याच्या लक्तरांचीही लक्तरं होतात. सॉलिडिफायनं जाडी द्यायची तर किमान दोन-तीन व्हॉक्सेलची द्यावी लागते. ०.००५ वर ती दीड सेंटिमीटरपर्यंत जाते, म्हणजे फडक्याची गोधडी होते. माझं मत स्पष्ट आहे: कपडा व्हॉक्सेलमध्ये घालूच नये. अंग वेगळं घडवावं, कपडा वेगळा ठेवावा. खराट्याचंही तेच. काड्यांमधली फट एका व्हॉक्सेलपेक्षा कमी असेल तर सगळ्या काड्या मिळून एक फळी होते. ओठ आणि बोटं चिकटतात तीही याच कारणानं. तिथं आधी बोटं फाकवायची, तोंड जरा उघडायचं, मग रीमेश करायचं.

खेळांसाठी बनवलेल्या मॉडेलांना तर कपड्याखाली अंगच नसतं. दिसणार नाही ते कापून टाकलेलं असतं, गळ्याखाली उघडं भोक. फुटक्या रांजणात पाणी ठरत नाही, तसं अशा मॉडेलमध्ये ‘आत’ ठरत नाही. एडिट मोडमध्ये नॉन-मॅनिफोल्ड कडा निवडल्या की भोकं उजळून दिसतात. ती बुजवली की अर्ध्या तक्रारी मिटतात. मागं घातलेले डोळ्यांचे गोळे, पापण्यांच्या पट्ट्या, तोंडाच्या आतली पिशवी हे सगळं आधी बाजूला काढायचं.

कवडीचा किस्सा वेगळाच. सिमेट्री चालू ठेवून पोरानं कवडी घडवली, तर ती दोन्ही कानांत आली. बाबांच्या बाबतीत ही चूकच, सिमेट्री तिथं बंद करायला हवी. काही मॉडेलांत मात्र एका गालावर ब्रश लावला की दुसरा डाग हवेत उमटतो, कारण मॉडेलचा मूळबिंदू मध्यावर नसतो. ब्रश उठवण्याऐवजी खड्डा पाडत असेल तर पृष्ठं उलटी आहेत. फेस ओरिएंटेशन लावलं की ती लाल दिसतात. शिवणीवर कातडी फाटत असेल तर मर्ज बाय डिस्टन्स करा. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे, पण पाच मिनिटांचं आहे हे माहीत असलेल्यासाठी.

आता तुमच्याकडं येतो. शिकवणारे बहुतेक जण स्वच्छ गोल चेंडूपासून सुरुवात करतात. चेंडू कधी बिघडत नाही. शिकणारा खूश होतो, घरी जाऊन मनासारखं मॉडेल उतरवतो आणि पहिल्याच दाबाला आपटतो. स्टुडिओत नोकरी लागली तरी कोण स्वच्छ चेंडू हातात देणार आहे? तिथं दुसऱ्यानं अर्धवट सोडलेलं, तिसऱ्याच सॉफ्टवेअरमधून आलेलं मॉडेलच पुढ्यात पडतं.

अवजाराची अडचण आमच्याकडं उरलेली नाही. ड्रीमवर्क्सनं ओपनव्हीडीबी २०१२ साली खुलं केलं. त्याच्यावरच चालणारं व्हॉक्सेल रीमेश नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्लेंडरच्या २.८१ आवृत्तीत आलं, तेही फुकट. ब्लेंडरवर बनलेल्या लॅटव्हियाच्या ‘फ्लो’ चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. अवजार तेल्हाऱ्यात आहे, हौस आहे. बिघाड ओळखायला शिकवणारं कोणी नाही, आणि त्यासाठी मुंबईला येऊन राहणं इथल्या कापूसवाल्याच्या पोराला परवडत नाही.

म्हणून माझी मागणी अशी. जाणूनबुजून बिघडवलेल्या मॉडेलांचा एक संच करा. प्रत्येकात एकच खोड ठेवा: एकात स्केल चुकलेलं, एकात गळा उघडा, एकात पृष्ठं उलटी, एकात मूळबिंदू सरकलेला. सोबत मराठीत एक पान द्या, त्यात आधी लक्षण आणि मग इलाज. मेन्यूंची नावं मात्र पडद्यावर दिसतात तशीच ठेवा, नाहीतर पोरं शोधत बसतील. शेवटचं मॉडेल सगळ्या खोडी एकत्र असलेलं असू द्या आणि त्याचं उत्तर देऊ नका. तुमच्या प्रवेशपरीक्षेतही असं एक मॉडेल ठेवलंत तर कोण खरंच हात घालून शिकलाय ते तुम्हाला चित्रांच्या फायलीपेक्षा लवकर कळेल.

संच खुल्या परवान्यानं द्या, म्हणजे अकोट-अकोल्याच्या आयटीआयतली मुलंही वापरतील. प्रत्येक फाइल ८ जीबीच्या मशीनवर उघडून बघा आणि पन्नास एमबीच्या आत ठेवा. आमच्याकडं ती मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवावी लागते, आणि मध्येच लाइन गेली की पहिल्यापासून.

आपला,
तेल्हाऱ्यातला एक संगणक-शिक्षक